हाफ डोम: केबल भक्कम, वाट मात्र एकच

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला हाफ डोम हा ग्रॅनाइटचा उंच घुमट. त्याच्यावर चर्चा होते ती शेवटच्या ४०० फुटांची, म्हणजे लोखंडी केबल धरून चढायच्या टप्प्याची. ट्रेक फसतो तो बहुधा आधीच्या सात मैलांत. मिस्ट ट्रेल या नेहमीच्या पायवाटेने जाऊन-येऊन साधारण १४ मैल चाल आणि ४,८०० फूट चढ आहे, त्यामुळे उजाडायच्या आत निघालेलं बरं. माणशी चार लिटर पाणी लागतं. फिल्टर असेल तर लिटल योसेमिटी व्हॅलीत मर्सेड नदीवर भरून घ्या. पुढे भरवशाचं पाणी नाही.

परमिट लॉटरीने मिळतं. मुख्य सोडत मार्चमध्ये, शिवाय मोसमात रोजची सोडत दोन दिवस आधी. दिवसाला जास्तीत जास्त ३०० जणांनाच सोडतात, तरीही दुपारपर्यंत केबलवर रांग लागते, कारण चढणारे आणि उतरणारे त्याच दोन केबलांमधून जातात.

केबलची व्यवस्था १९१९पासूनची. दर दहा फुटांच्या आसपास लोखंडी खांबांची जोडी आणि तिच्या पायाशी लाकडी फळी. दम घ्यायचा तो फळीवर. खांब कातळातल्या भोकात नुसते उभे केलेले असतात, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. हात केबललाच हवेत. हातमोजे रबरी पकडीचे, बागकामाचे स्वस्तातलेही चालतात. हार्नेस (कमरेचा सुरक्षा पट्टा) असेल तर कॅराबिनर (केबलला अडकवायची कडी) दोन घ्या: खांबाशी एक काढून पलीकडे अडकवायचा, मगच दुसरा. एकच असेल तर नेमक्या त्या क्षणी तुम्ही मोकळे असता.

सह्याद्रीत वाढलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपल्या काळ्या कातळाला खाचखळगे असतात, हरिहरला तर खोबण्याही कोरलेल्या आहेत. इथला ग्रॅनाइट हजारो पावलांनी गुळगुळीत झालाय. झिजलेल्या तळव्याचे बूट इथे उपयोगाचे नाहीत, आणि खडक ओला असेल तर चांगले बूटही घसरतात. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग भरून येतात. ढग दिसले की सबडोमवरूनच, म्हणजे केबलच्या आधीच्या छोट्या घुमटावरूनच, मागे फिरा. लोखंडी केबल आणि उघडा माथा ही विजेसाठी आयती जागा आहे.

उतरताना तोंड कातळाकडे ठेवून मागे मागे या. नेवाडा धबधब्यापासून खाली मिस्ट ट्रेलच्या ओल्या पायऱ्यांऐवजी जॉन म्यूर ट्रेल धरा. थोडा लांब पडतो, पण गुडघे वाचतात.