मुंबईला रेल्वे, पुण्याला एसटी: मराठवाड्यातून लांबच्या प्रवासाचा हिशेब

एसटी बरी की रेल्वे, असं मराठवाड्यात कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं: कुठून निघताय आणि कुठं जाताय? इथं आवडीनिवडीला फारशी जागा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्यात मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे हैदराबादपर्यंत मीटरगेज पडला. रूळ राजधानीच्या सोयीनं पडले. १९९० च्या दशकापासून ते टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाले, पण दिशा तीच राहिली. आता माणसं शिकायला, नोकरीला, दवाखान्याला जातात पुण्याला, आणि पुण्याकडं नीट रूळच नाहीत. सगळा गुंता इथून सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगर ते पुणे घ्या. अहिल्यानगरमार्गे रस्त्यानं साधारण २३५ किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर आधी उलट्या दिशेला मनमाड, ११३ किलोमीटर. तिथून दौंड, सुमारे २३६. मग दौंड ते पुणे ७६. म्हणजे सव्वाचारशे. या वाटेवर कितीही चांगली गाडी सोडली तरी बसला गाठणं अवघड. त्यामुळं जालना आणि संभाजीनगरकरांनी पुण्यासाठी रेल्वेचं वेळापत्रक उघडूच नये. एसटीच्या शिवशाही आणि विजेवरच्या ई-शिवाई या मार्गावर आहेत, आणि त्यात ई-शिवाई उजवी. इंजिनाचा आवाज नाही, गचके कमी, एसी सहसा सगळीकडं सारखा लागतो. जुन्या शिवशाहीत मागच्या चार-पाच रांगांत एसीची हवा पोचेलच याची खात्री नसते. जागा निवडता येत असेल तर पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्या मधल्या रांगा घ्याव्यात.

वेळ खरा खाते ती शेवटची पट्टी: रांजणगाव एमआयडीसी, शिक्रापूर, वाघोली. पहाटे पाचची बस पकडून लवकर पोचू, हा हिशेब इथं फसतो. ती नऊच्या सुमारास वाघोलीत, म्हणजे ऐन ऑफिसच्या गर्दीत येते. सातची बस अकराला तिथं पोचते आणि बरीच मोकळी सुटते. रविवारी दुपारी चारनंतर निघणाऱ्यांनी मात्र तास-दीड तास जादा धरूनच चालावं. सुट्टीवरून परतणारे सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात. खराडी, विमाननगर, हडपसरकडं जायचं असेल तर स्टँडपर्यंत न जाता खराडी बायपासलाच उतरावं. शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं आणि मराठवाड्याच्या बहुतेक गाड्या तिथूनच सुटतात. नवखा माणूस अजूनही जुन्या जागी रिक्षा नेतो, म्हणून पुण्यातल्या पाहुण्यांना ‘वाकडेवाडी’ असंच सांगावं.

मुंबईचं गणित याच्या बरोबर उलटं. संभाजीनगर ते सीएसएमटी रेल्वेनं ३७३ किलोमीटर, नांदेडहून ६१०. रात्रीला देवगिरी, नंदीग्राम आणि राज्यराणी, दिवसाला तपोवन, शिवाय हिंगोलीपर्यंत वाढवलेली जनशताब्दी. वंदे भारत डिसेंबर २०२३ ला जालन्यापासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेली. ती नांदेडहून पहाटे पाचच्या सुमारास निघते आणि दुपारी अडीचच्या आसपास मुंबईत सोडते. नांदेडकराला पहाटे पाच गाठायचे म्हणजे रात्रीची झोप गेलीच. ही गाडी खरं तर परभणी, जालना आणि संभाजीनगरच्या सोयीची आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण उघडल्यापासून बसचाही वेळ कमी झाला. पण समृद्धी ठाणे जिल्ह्यात संपते आणि तिथून पुढं मुंबईच्या गर्दीत शिरायचं बाकी राहतं. रेल्वे थेट दादरला उतरवते. मंत्रालयात, टाटा किंवा केईएम दवाखान्यात काम असणाऱ्यानं बसचा विचार कशाला करावा?

रेल्वे उशिरा का येते, तेही समजून घेतलं तर चिडचिड कमी होते आणि नियोजन जमतं. परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला आहे. संभाजीनगर ते परभणी, १७७ किलोमीटर, दुहेरीकरण मंजूर असलं तरी गाड्या एकेरी मार्गावरूनच धावतात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यालाच आपल्याकडं ‘क्रॉसिंगला थांबली’ म्हणतात. बदनापूर, परतूर, सेलू, मानवत रोड अशा स्टेशनांत थांबून राहिलेली गाडी बहुतेक वेळा याच कारणानं थांबलेली असते. वेळेवर असलेल्या गाडीचा रस्ता आधीच आखलेला असतो. एकदा ती अर्धा तास मागं पडली की तिची ठरलेली वेळ दुसऱ्या गाडीला जाते आणि पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला तिलाच थांबवतात. अर्ध्या तासाचा दीड तास होतो तो असा. म्हणून सिकंदराबाद किंवा त्यापुढून लांबून येणाऱ्या गाडीपेक्षा नांदेडहूनच सुटणारी गाडी वेळेच्या बाबतीत जास्त भरवशाची. परतीला मुंबईहून निघणारी गाडी सहसा वेळेत सुटते, पण मनमाडच्या पुढं पुन्हा एकेरी रुळांवर येते.

गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द करायचं असेल, तर गाडी आपल्या स्टेशनातून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा. पूर्ण पैसे परत मिळतात. सुटून गेल्यावर भरला तर भांडत बसा.

आता रिझर्व्हेशन. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तिकिटांसाठी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून उलटे ६० दिवस मोजा, कारण परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाआधी संपतं. तत्काळ आदल्या दिवशी सुरू होतं, एसीला सकाळी दहाला आणि स्लीपरला अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. हे काम दहाला पाच मिनिटं असताना करायचं नसतं.

वेटिंगचा प्रकार बघायला बरेच जण विसरतात. तिकिटावर जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, असेल तर आशा धरावी. आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल असेल तर मधल्या स्टेशनांना दिलेल्या छोट्या कोट्यातली ती रांग असते आणि हळू सरकते. जालन्याहून वीस-बावीस आरएलडब्ल्यूएल दिसत असेल तर तीच गाडी मूळ स्टेशनापासून, म्हणजे राज्यराणी किंवा तपोवन असेल तर नांदेडपासून, बघावी आणि बोर्डिंग स्टेशन जालना ठेवावं. भाड्यात फार फरक पडत नाही, कारण रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला उतरत जातं. फक्त बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनावरून त्या तिकिटावर चढता येत नाही, हे घरच्यांना बजावून ठेवावं. आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते दाखवून स्लीपरच्या डब्यात बसलात तर विनातिकीट धरतात.

एसटीचं भाडं असं उतरत नाही. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यागणिक दर. जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के वाढीनंतर साध्या गाडीला टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. संभाजीनगर ते जालना साठेक किलोमीटर, दहा टप्पे, शंभराच्या आसपास. त्याच अंतराला रेल्वेचं जनरलचं तिकीट पन्नासच्या आत. लातूर ते पुणे ३३० किलोमीटर धरले तर ५५ टप्पे, म्हणजे साडेपाचशे. रेल्वेत स्लीपरनं झोपून जायला तीनशेच्या आत. मात्र जवळच्या अंतराला स्लीपर काढू नये. त्यात कमीत कमी २०० किलोमीटरचं भाडं लागतंच, मग परभणी ते नांदेड ५९ किलोमीटर का असेना.

हा हिशेब उलटतो तो सवलतींनी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं भाडं. ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला निम्मं. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद केली ती अजून सुरू केलेली नाही. आजी-आजोबा आणि आई असं तिघं निघाले तर एसटी जवळजवळ फुकट पडते. फक्त ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते. नांदेडहून निजामाबाद किंवा उदगीरहून बिदरला जाताना सीमेपुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं, आणि कंडक्टरशी रोज होणारी वादावादी बहुतेक यावरूनच होते. पैसे वाचत असले तरी साखर किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला सहा-सात तासांच्या एसटीत बसवू नये. गाडीत संडास नाही आणि थांबा ढाब्यावर, ड्रायव्हर थांबवील तेव्हा. तिथं रेल्वेच, तीही लोअर बर्थचा कोटा मागून.

लातूर आणि धाराशिवला दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीत येतात, कारण कुर्डुवाडी-लातूर हा जुना बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज २००८ पर्यंत पूर्ण ब्रॉडगेज झाला. लातूर-मुंबई रात्री निघते आणि पहाटे पुण्यात येते. आठवड्यातले चार दिवस ती लातूरचीच असते, तीन दिवस बिदरहून येते. लातूरच्या दिवसांचं तिकीट मिळालं तर तेच घ्यावं; बिदरच्या दिवशी जागा वाटल्या जातात आणि जनरलच्या डब्यात लातूरला चढायला जागा शोधावी लागते. खोट एवढीच की स्टेशन गावाबाहेर आहे आणि रात्री रिक्षावाले म्हणतील तो भाव. बसनं जायचं तर बार्शी-टेंभुर्णी रस्ता वाईट आहे. स्लीपर कोचमध्येही बार्शीच्या आसपास झोपमोड ठरलेली. आमचं मत रेल्वेकडं झुकतं.

नांदेड ते पुणे मात्र कुठल्याच बाजूनं सुखाचं नाही. पनवेल गाडी पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड, लातूर, कुर्डुवाडी अशी सगळी प्रदक्षिणा घालून पोचते आणि परळीला इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्यात वेळ जातो. झोपून जायचं म्हणून ठीक, लवकर पोचायचं म्हणून नाही. इथं ट्रॅव्हल्सचा धंदा जोरात चालतो तो याच पोकळीमुळं.

ट्रॅव्हल्सवाल्यांची गाडी बुक करताना फोटो नव्या गाडीचा असतो आणि येते ती वेगळीच, हे गृहीत धरा. मागच्या चाकावरचे आणि शेवटच्या रांगेतले बर्थ टाळा. मधले खालचे सगळ्यात शांत. सुटण्याची वेळ म्हणजे पहिल्या पिकअपची वेळ असते. त्यानंतर गाडी शहरात तासभर सीटा भरत फिरते, म्हणून शेवटच्या पिकअपला चढणं शहाणपणाचं. सणासुदीला भाडं तिप्पट दिसतं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि गाडीचा नंबर ठेवला तर आरटीओकडं तक्रार करता येते. तोंडी तक्रारीचं काही होत नाही.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ स्लीपर बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून स्लीपरमध्ये चढल्यावर तीन गोष्टी बघायला लाज वाटू नये: संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग कुठं आहे, त्यावर पार्सलची पोती लावलीत का, आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का. मधल्या वाटेत सामान रचलेलं असेल तर तिथल्या तिथं हलवायला सांगा. एसटी बंद पडली तर कंडक्टर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो. ट्रॅव्हल्सची गाडी बंद पडली तर मालकाचा फोन लागेपर्यंत रस्त्यावर उभं राहायचं.

उत्तर-दक्षिण प्रवासात निवड करायची वेळच येत नाही. संभाजीनगर, गेवराई, बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ चांगला आहे आणि त्याला समांतर रूळ नाहीत. लातूर-संभाजीनगरलाही अंबाजोगाई-केजमार्गे बसच. रेल्वेनं परळी-परभणी-जालना असा मोठा वळसा पडतो. आषाढीच्या आठवड्यात मात्र या मार्गांवर सांभाळून. आगारांच्या गाड्या पंढरपूरला जादा म्हणून जातात आणि रोजच्या फेऱ्या न सांगता कमी होतात. त्या दिवसांत दुपारच्या आत निघावं आणि शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये.

बीडला अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरहून रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा एकूण २६१ किलोमीटरचा मार्ग आहे. तो परळीला मिळाला की बीडमार्गे परळी-लातूरकडं जाणारी सलग वाट होईल आणि वरचा अर्धा हिशेब नव्यानं मांडावा लागेल. तोवर बीडकरानं पुण्याला जायला जामखेड किंवा अहिल्यानगरमार्गे एसटीच धरावी, आणि ही गाडी अहिल्यानगरला उतरून पुढची मोठी गाडी पकडायची असेल तरच घ्यावी. तेव्हाही दोन गाड्यांमध्ये किमान दोन तास ठेवावेत.