विनापरवाना ठेकेदाराकडून बाथरूम: फरशीला चार तारे, वायरिंगला शून्य

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचं म्हटलं की बहुतेकांच्या दारात येतो तो नाक्यावरचा ठेकेदार. सोबत एक गवंडी, दोन बिगारी, एक प्लंबर आणि ‘लाइटचंही आपलाच माणूस करेल’ हे आश्वासन. परवाना विचारला की तो गुमास्ता काढून दाखवतो. गुमास्ता ही दुकानाची नोंदणी, हातातल्या कसबाशी तिचा काही संबंध नाही. घरातलं गवंडीकाम, फरशी, रंग यांना वेगळा परवाना लागतही नाही. तो लागतो विजेच्या कामाला आणि पालिकेच्या नळजोडणीला. म्हणून या सेवेला एकच शेरा देता येत नाही, कामागणिक द्यावा लागतो.

फरशी बसवण्यात ही मंडळी तरबेज असतात. गुण्या, ओळंबा, स्पेसर सगळं नीट सांभाळतात. घोळ होतो तो व्हिट्रिफाइड टाइलमध्ये. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटची रबडी तिला धरत नाही. भिंतीवर ॲडहेसिव्हच हवं, आणि तेही दातेरी थापीने सगळीकडे ओढलेलं. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबली की मधे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा, डबडब वाजली ती टाइल तेव्हाच काढायला लावा. सांध्यांत ग्राउट, म्हणजे फटी बुजवायची लुकण, भरल्यावर कोणी काढून देत नाही.

आता वॉटरप्रूफिंग. पैसे बुडतात ते इथे. तोडताना ब्रेकर मशीन लावलं तर काम अर्ध्या दिवसात उरकतं, पण जुन्या स्लॅबला हादरे बसून तडे जातात. स्लॅबजवळचा शेवटचा थर छिन्नी-हातोड्यानेच काढायचा, हे आधीच ठरवा. स्लॅब उघडा पडला की पाइप जिथून आरपार जातात तिथे बघा, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही. पाइप पॉलिश पेपरने खरवडून, सॉल्व्हंट (पाइप जोडायचा चिकट द्रव) लावून त्यावर वाळू भुरभुरायची आणि मग भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. हे पंधरा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

कोटिंगच्या किटमध्ये पावडर आणि द्रव ठरलेल्या मापात येतात. अर्धी पावडर उद्याला ठेवून, द्रव संपला म्हणून पाणी ओतलं की तो थर नुसता रंग होतो. दोन हात, एक उभा, एक आडवा. भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात त्याआधी सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा.

मग पाणी भरून ठेवणं. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतून पाणी जायच्या वाटेचं, तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलने रेघ, ४८ तास. ठेकेदार हे टाळतो, त्यात लबाडीपेक्षा हिशेब जास्त असतो: दोन दिवस माणसं रिकामी आणि रोज तर द्यायचाच. म्हणून त्या दोन दिवसांत स्वयंपाकघराचा ओटा किंवा रंगाची घासाई असं दुसरं काम त्यांच्या हाती द्या, कुरकुर बंद होते. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, रेघेपेक्षा तो पुरावा पक्का. कोबा, म्हणजे कोटिंगवरचा सिमेंटचा थर, झाल्यावर पुन्हा हीच परीक्षा. कोब्याला ढाळ ८० ला १, म्हणजे सहा फुटांत साधारण एक इंच. ट्रॅपची जाळी फरशीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली हवी, नाहीतर पाणी भोवती तळं करून बसतं.

प्लंबिंगला दोन तारे. गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी पाइपला साध्या पीव्हीसीचं सॉल्व्हंट फासणं ही नेहमीची चूक. थंड पाण्यावर वर्षभर निभावतं, गीझरच्या लाइनवर सांधा सुटतो. डबा स्वतः आणा, त्यावर सीपीव्हीसी लिहिलेलं बघून. झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा, बुजवण्याआधी हातपंपाने ७-८ किलोचा दाब देऊन काही तास काटा बघा. पंप भाड्याने मिळतो. ‘नळ उघडून बघितला, गळत नाही’ ही चाचणी नव्हे.

वायरिंगला शून्य. माणूस हुशार असेलही, पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार बल्ब, पंखा, स्विच बदलण्यापलीकडचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो. त्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, खरं अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) हवी. जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या लाइनवरून जोड काढून दिलेला गीझर चालतो, वायर आतून तापत राहते. ओल्या अंगाने जिथे उभं राहायचं तिथे ही काटकसर नको. हे काम वेगळं काढून परवान्याचा क्रमांक लिहिलेल्या बिलावर द्या.

पैसे रोख देऊ नका. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचा दरपत्रकाचा फोटो ग्राहक आयोगात उपयोगी पडतो. तक्रारीची मुदत दोन वर्षं. उचल पाचव्या हिश्श्याच्या वर नको, आणि दहावा हिस्सा पंधरा दिवस वापर झाल्यावर. सिमेंट तुम्हीच मागवा, गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनी परत पाठवा.

आणि दरात रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, उचलणं धरलंय का ते लिहून घ्या. नाहीतर गोण्या जिन्यात राहतात आणि सोसायटी अनामत कापते तुमची.