२८९ कुर्त्या शिवल्या, हिशेब आला उणे ११० रुपये

फॅशन डिझाइनची पदवी हातात पडते ती मे-जूनमध्ये. कोकणात त्याच सुमाराला गणपतीची चाहूल लागलेली असते आणि नेमके तेव्हाच फोन यायला लागतात. "मॅडम, ३०० कुर्त्यांचं जॉबवर्क आहे. कापड आम्ही पाठवतो, तुम्ही फक्त शिवून द्यायचं. डिपॉझिट आहे थोडं, कापडाची हमी म्हणून." मुंबईत खोलीभाडं भरण्यापेक्षा गावातच चार मशीन टाकू असं ठरवलेल्या मुलींना हा फोन देवासारखा वाटतो. कुडाळजवळ तिघींनी मिळून घेतलेल्या अशाच एका कामाचं काय झालं, ते आकड्यांसकट इथे मांडलं आहे. काम देणाऱ्या पार्टीचं नाव बदलत राहतं, पद्धत मात्र तीच असते.

दर ठरला कुर्तीमागे १४० रुपये. म्हणजे ३०० नगांचे ४२,००० रुपये. डिपॉझिट ३०,०००, तेही एका इसमाच्या वैयक्तिक यूपीआयवर. पार्टी स्वतःला सुरतची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणवत होती. लेटरहेडवर जीएसटी नंबरही होता, पण तो कोणी तपासला नाही. १५ अंकाक्षरांच्या या नंबरात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४) आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, हा नंबर कुणाचा ते सांगतं: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. या ‘प्रायव्हेट लिमिटेड’च्या नंबरात सहावं अक्षर पी होतं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. या नंबरापुढे ‘रद्द’ असंच दिसत होतं. दोन मिनिटांचं काम होतं, पण हे बघितलं गेलं ते डिपॉझिट बुडाल्यावर.

कापड आलं सात तागे, हायवेवर उतरवलेले, सोबत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी: ६९० मीटर. जॉबवर्कसाठी परराज्यातून माल येतो तेव्हा त्याच्याबरोबर डिलिव्हरी चलान लागतं, आणि किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याची जीएसटीची ऑनलाइन पावती, तेही लागतं. दोन्ही नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याला घाई, पाऊस सुरू झालेला, सही करून माल आत घेतला. अशा वेळी सहीच्या वर ‘न मोजता घेतला’ एवढे तीन शब्द लिहिले, तरी पुढे बोलायला जागा राहते.

पार्टीने ॲव्हरेज, म्हणजे एका नगाला लागणारं कापड, दिलं होतं २.२५ मीटर. त्या हिशेबाने ६९० मीटरमध्ये ३०६ कुर्त्या निघायला हव्या होत्या. निघाल्या २८९. कापड कमी भरलं होतं की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांचा सांगून प्रत्यक्षात ४२ चा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण कटिंगआधी कोणी मोजलंच नव्हतं. पन्हा अरुंद असला की मार्करमध्ये, म्हणजे कापडावर तुकडे आखायच्या मांडणीत, बाह्या शेजारी बसत नाहीत, खाली सरकतात, आणि तिथे ॲव्हरेज वाढतं. म्हणून प्रत्येक तागा उलगडून टेबलावरच्या मीटरच्या खुणेवर मोजायचा आणि पन्हा सुरुवातीला, मध्ये, शेवटी असा तीन ठिकाणी बघायचा. माप किनारीच्या आतून घ्यायचं, किनार धरून नाही. मोजताना मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि आकडे त्याच दिवशी पार्टीला लेखी कळवायचे.

कापड सॅम्पलसारखंच आहे ना, हे हाताला लागतंच असं नाही. १० सेंमी बाय १० सेंमीचा चौकोन नीट कापा आणि बाजारातल्या सोनाराकडे काट्यावर टाका. १.४ ग्रॅम भरला तर कापड १४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम. सॅम्पल १.४ आणि तागा १.१ भरत असेल तर कात्री बाजूला ठेवा. सोनार हसेल, हसू दे. प्रत्येक ताग्याची चार बोटं रुंद पट्टी काढून त्या एकमेकींना जोडा आणि अंगणात उजेडात धरा. ट्यूबलाइटखाली एकच वाटणारे दोन निळे तिथे वेगळे दिसतात. पुढचा भाग एका ताग्याचा आणि बाही दुसऱ्याची, असं झालं की शिलाई कितीही सुबक असो, तो नग रिजेक्ट.

खरा खड्डा होता आटण्याचा. कापड रेयॉनचं होतं. कुर्तीची उंची ४६ इंच ठरलेली, शिवून झाल्यावर ४६ भरतही होती. स्टीम प्रेसनंतर ती सव्वाचव्वेचाळीसच्या आसपास आली. कटिंगआधी ५० सेंमीचा चौकोन आखून धुऊन, वाळवून मोजला असता तर तो ४८ झालेला दिसला असता. म्हणजे ४ टक्के. ४६ इंचांचे ४ टक्के जवळजवळ पावणेदोन इंच होतात. कापड आधी आटवून घ्यायचं की पॅटर्नमध्ये तेवढी वाढ धरायची, आणि आटवण्याचा खर्च कुणाचा, हे दर ठरवतानाच बोलायचं असतं.

मग आला हिशेब. २८९ पैकी ९६ पास, १९३ रिजेक्ट. ९६ नगांचे १३,४४० रुपये. त्यातून कमी भरलेल्या ११ नगांचे, प्रत्येकी ४५० प्रमाणे, ४,९५० वजा. उरले ८,४९०. रिजेक्ट नगांच्या कापडाचा दंड प्रत्येकी २००, म्हणजे ३८,६००. त्यातून हे ८,४९० आणि डिपॉझिटचे ३०,००० वळते केल्यावर खाली लिहिलं होतं: ‘तुमच्याकडून येणे रु. ११०’. दोरा, सुया, काज-बटणं, वीजबिल आणि तिघींची दीड महिन्याची मेहनत त्या कागदावर कुठेच नव्हती. रिजेक्ट झालेल्या १९३ कुर्त्याही परत आल्या नाहीत. कापडाचे पैसे दंड म्हणून वसूल केले, मग माल कुणाचा? हा प्रश्न विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं.

सगळाच दोष पार्टीचा नव्हता, हेही सांगायला हवं. काही नगांवर खरोखरच बुरशीचे काळे ठिपके होते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या हवेत स्टीम प्रेसखालून काढलेला नग गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला की आत वाफ धरते. नग हँगरला लावून, पंख्याखाली पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावरच पॅक करायचा, पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकायची, खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायची. लाइट गेली आणि पंखा बंद पडला तर पॅकिंग थांबवायचं.

पण १९३? तिथे लबाडी होती, आणि ती बसली होती करारातल्या एका ओळीत: ‘माल क्वालिटीप्रमाणे स्वीकारला जाईल’. क्वालिटी म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं ते असं: छाती अधिक-उणे अर्धा इंच, उंची अधिक-उणे अर्धा इंच, खांदा पाव इंच, शिलाईत इंचाला टाके किती. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं सील सॅम्पल, म्हणजे मंजूर केलेला नमुना, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. तपासणी तुमच्या जागेवर, माल निघण्याआधी. किती दोषी नग चालतील ते ठरवायला निर्यातीच्या धंद्यात वापरतात त्या एक्यूएल तक्त्याप्रमाणे २८१ ते ५०० नगांच्या लॉटमधून, नेहमीच्या दुसऱ्या पातळीच्या तपासणीत, ५० नग काढतात. एक्यूएल २.५ धरला तर त्यात ३ दोषी नगांपर्यंत लॉट पास, चौथा सापडला की नापास. नापास झालेला लॉट सहसा अल्टरला परत येतो, जप्त होत नाही. एवढं करूनही नाकारलेला नग परत द्यायचा नसेल तर पार्टीला त्याची पूर्ण शिलाई द्यावी लागेल, हे कलम घाला. फसवणारी पार्टी नेमकी याच कलमावर अडते. तिथेच काम सोडून द्या, डिपॉझिट तर मुळीच देऊ नका. कुर्त्या शिवणाऱ्यानेच पैसे भरायचे, हा उलटा व्यवहार आहे.

‘टेस्ट म्हणून दहा डिझाइन पाठवा’ हा याचाच धाकटा भाऊ. पाठवायचीच तर कमी रेझोल्यूशनची, वर नाव छापलेली, मूळ फाइल कधीच नाही. कपड्याचं डिझाइन नोंदवलेलं नसेल आणि तुमच्याकडून किंवा तुमच्या परवानगीने त्याचे ५० हून जास्त नग कारखान्यात निघाले तर कॉपीराइट संपतो. शिवाय नोंदणी करायची ती डिझाइन जगासमोर आणण्याआधी. इन्स्टावर टाकून मग अर्ज केला तर नवेपणाच जातो.

पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच दिवशी, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. पोलिस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा आणि रद्द जीएसटी नंबरची प्रिंट पुढे करा. पहिल्यापासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवणारा कागद लागतो, आणि तो हाच. पार्टी खरी आहे पण पैसे अडवून बसली आहे, तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, आणि थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ही नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा. ती पूर्ण मोफत आहे, तिच्यासाठी दोन हजार मागणारा एजंट म्हणजे फसवणुकीची पहिली पायरी. चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार.

पुढे अशाच रेयॉनच्या निळ्या कुर्त्या गणपतीच्या सेलमध्ये टांगलेल्या तिघींना दिसल्या. आपल्याच असल्याचं ओळखू येत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. ओव्हरलॉक करताना उजव्या कुशीच्या शिलाईत, आतल्या बाजूला, मशीनच्या खालच्या लूपरला खूण म्हणून एक वेगळ्या रंगाचा दोरा घालता येतो. बाहेरून तो दिसत नाही, आणि रीळ बदलायला एक मिनिट लागतं.