सक्युलेंट टेरारियमचा तयार संच: पात्र उत्तम, माती चुकीची

घरच्या घरी सक्युलेंटचे (जाड, रसाळ पानांच्या झाडांचे) टेरारियम, म्हणजे काचपात्रातील छोटी बाग, करण्यासाठी मिळणारा एक तयार संच मी गेले सहा महिने वापरत आहे. त्यात झाकणाचे गोल काचपात्र, खडे, लाकडी कोळशाचे तुकडे, मातीची पिशवी, वाळवलेले शेवाळ, लांब चिमटा आणि फवारणीची बाटली होती. रोपे वेगळी घ्यावी लागतात. मी हावर्थिया, एकेवेरिया आणि सेडम ही तीन सक्युलेंट निवडली.

पात्राविषयी तक्रारीला जागा नाही. काच नितळ आहे आणि तोंड पंजा सहज आत जाईल इतके रुंद असल्यामुळे पानांना धक्का न लावता रोप बसवता येते. चिमटाही उपयोगी आहे.

प्रश्न झाकणापासून सुरू होतो. बंद काचेत झाडे वाढवण्याची पद्धत रूढ केली ती लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी. पतंगाचा कोश ठेवलेल्या त्यांच्या बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा (फर्न) आपोआप उगवला होता, आणि पुढे १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचपेट्यांतून झाडे जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवली. नेच्याला दमट हवा मानवते. सक्युलेंट मात्र पाणी पानांत साठवतात आणि ते उडून जाऊ नये म्हणून त्यांतील बहुतेकांची पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) दिवसा मिटलेली राहून रात्री उघडतात. कोरड्या प्रदेशासाठी घडलेल्या अशा झाडाला झाकणाखाली ठेवले, तर माती सुकतच नाही आणि मुळे कुजतात. मी झाकण पहिल्याच दिवशी काढून ठेवले.

तरीही तिसऱ्या आठवड्यात सेडमची खालची पाने पाणचट, पारदर्शक झाली आणि खोड बुडाशी काळे पडले, कारण पिशवीतील माती म्हणजे जवळजवळ निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होते. तळाच्या खड्यांमुळे निचरा होतो, असे माहितीपत्रक सांगते. पण बारीक माती पाणी धरून ठेवते, ती पुरती भिजल्याशिवाय ते खड्यांत उतरत नाही, आणि उतरलेल्या पाण्यालाही तळाला छिद्र नसल्याने बाहेर पडायला वाट नसते. कोळसा यावर उपाय नव्हे. शेवटी मी पात्र रिकामे केले, एक भाग मातीत दोन भाग जाडी वाळू व पर्लाइट (निचऱ्यासाठी वापरले जाणारे हलके पांढरे खनिज दाणे) मिसळले, कुजलेली मुळे कापून रोपे चार दिवस सावलीत सुकू दिली आणि लागवडीनंतर आठवडाभर पाणी दिले नाही. हावर्थिया आणि एकेवेरिया सावरली. सेडमचे मूळ रोप गेले, पण त्याच्या निरोगी शेंड्यांना नवी मुळे फुटली.

फवारणीची बाटली या कामाला बरोबर नाही, कारण तिच्यामुळे पाने भिजतात, एकेवेरियाच्या गाभ्यात थेंब साचतात आणि मुळे कोरडीच राहतात. मी सुई काढलेल्या सिरिंजने बुंध्याशी थोडे पाणी सोडते, तेही मातीत तळापर्यंत खुपसलेली लाकडी काडी कोरडी निघाली तरच.

हे पात्र घरातील कोणत्याही कोपऱ्यात शोभेल, असेही माहितीपत्रकात छापले आहे. शोभेल हे खरे, पण अंधाऱ्या कोपऱ्यात एकेवेरियाची पाने विरळ होत गेली आणि खोड उजेडाच्या दिशेने लांबले. उलट दुपारच्या थेट उन्हात काचेच्या आतली हवा इतकी तापते की पाने भाजतात. सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या खिडकीत पात्र हलवल्यावर नवी पाने पुन्हा दाट येऊ लागली. जागा बदलणे शक्य नसेल, तर कमी उजेड सोसणारी हावर्थिया तेवढी लावावी.

पात्र आणि चिमट्यासाठी हा संच घेण्यास माझी हरकत नाही, मात्र वाळू आणि पर्लाइट आधीच आणून ठेवावे. उत्पादकांनी पिशवीतील माती बदलावी आणि झाकण देणे थांबवावे, अशी मनापासून विनंती आहे. उरलेले कोकोपीट मी एका झाकणाच्या बरणीत भरून त्यात लहानसा नेचा लावला आहे, आणि तेथे ते अगदी योग्य ठरले आहे.