त्याच शाईचा तोच डाग

टेबलावर दोन चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. एक माझ्या पार्सलमधली, दुसरी मैत्रिणीच्या. दोन्हींवर निळ्या शाईत, किंचित तिरक्या अक्षरात लिहिलेलं: "ताई, माझ्या बाळाला मांडीवर घेऊन तुमच्या बाळासाठी हे केलंय. प्रेमाने वापरा." 'मांडीवर'मधल्या 'ड'वर शाई फुटून बारीकसा डाग पडलेला. माझ्या चिठ्ठीत, आणि तिच्याही. 'प्रेमाने'मधला 'ने' आधी 'णे' लिहून खोडलेला आणि वर दुरुस्त केलेला. दोन्हीकडे, त्याच जागी, त्याच आकाराचा. मैत्रीण हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण तिला तिथून घ्यायला मीच सांगितलं होतं.

तशी मी भोळी नाही. कुठलीही वस्तू घेताना मागची बारीक अक्षरं वाचणारी, लोकांना 'अगं हे नको, ते घे' म्हणणारी अशी माझी ख्याती. दुसरं मूल झाल्यावर तर मी एक यादीच केली होती: घरात मुलांच्या आसपास चालतील अशा नैसर्गिक, हाताने केलेल्या वस्तू. साबण, मलम, लाकडी खेळणी, सुती दुपटी, मेणबत्त्या. ओळखीत कुणाला बाळ झालं की ती यादी जायची. एका कंपनीमार्फत अशा वस्तू विकणाऱ्या, या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बाईंचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

पहिली ऑर्डर खरी होती, हे आधी सांगते, कारण सापळा तिथेच होता. साबणाच्या वड्या हाताने कापलेल्या, एक जाड, एक बारीक. वरच्या बाजूला पांढरट भुकटीसारखा थर. घरी केलेल्या साबणावर तो बरेचदा येतो, कारण उरलेल्या अल्कलीची, म्हणजे साबण करताना घातलेल्या कॉस्टिक सोड्याची, हवेशी क्रिया होते. काही बिघडत नाही त्याने. लाकडी चमच्याची कड एका ठिकाणी जरा खरबरीत होती, तीही मला गोड वाटली. पार्सलला तपकिरी कागद, त्यावर सुतळी, आत ती चिठ्ठी. मी फोटो काढून दहा जणींना पाठवले.

मग बाईंचा निरोप आला. "ताई, तुमच्यामुळे किती घरं जोडली गेली! पुढच्या वेळी थेट माझ्या खात्यात पैसे टाकाल का? मधल्या कंपनीचं कमिशन वाचेल, ते आम्हा बायकांच्या हातात पडेल." शिवाय माझ्या ओळखीने कुणी घेतलं तर मला पुढच्या ऑर्डरवर सूट. मी हो म्हटलं. कुणाचं तरी भलं होतंय आणि आपलंही थोडं होतंय, याला नाही कोण म्हणेल? त्या एका 'हो'ने आमचे सगळे व्यवहार त्या कंपनीच्या संरक्षणाबाहेर गेले, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या पार्सलमधल्या वड्या एकसारख्या होत्या. कडा धारदार, पोटातून किंचित पारदर्शक. दमट हवेत त्यांच्यावर घामासारखे थेंब जमायचे. तयार साबणाचा बेस आणून, वितळवून, साच्यात ओतला की अशा वड्या होतात. त्यात ग्लिसरीन जास्त असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. असा साबण वाईट नसतो. पण लेबलवर लिहिलं होतं, 'चाळीस दिवस मुरवलेला, कॉस्टिक सोड्याविना'. इथे मला थांबायला हवं होतं. तेल आणि अल्कली यांची क्रिया झाल्याशिवाय साबण होतच नाही. वडी घट्ट करायची तर कॉस्टिक सोडाच लागतो, आणि प्रमाण नीट धरलं तर क्रिया पूर्ण झाल्यावर तो उरत नाही. 'आमच्याकडे सोडाच नाही' म्हणणारा एकतर दुसऱ्याने केलेला बेस वितळवतोय, नाहीतर थापा मारतोय. हे मला माहीत होतं. तरी चिठ्ठी वाचली आणि पुढे गेले.

लोशनचंही तसंच. 'प्रिझर्व्हेटिव्ह (नासू न देणारं रसायन) नाही, शंभर टक्के शुद्ध'. नुसत्या तेलामेणाच्या मलमाला प्रिझर्व्हेटिव्ह नसला तरी चालतो, कारण त्यात पाणी नसतं. लोशनमध्ये पाणी असतं, आणि पाणी आलं की जंतू, बुरशी आलीच. माझी बाटली न्हाणीघरात, वाफेत, अर्धवट उघड्या झाकणाने चार महिने पडली होती. वास बदलला नाही, रंग बदलला नाही, काही नासलं नाही. मी ते 'किती छान टिकतंय' म्हणून मिरवलं! त्यात नक्की काहीतरी होतं, फक्त लेबलवर नव्हतं. ते न लिहिण्यात काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाच्या एका प्रिझर्व्हेटिव्हने इतक्या लोकांना त्वचेची ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2013 साली त्याला 'वर्षातला ॲलर्जन' ठरवलं आणि युरोपने 2017 मध्ये अंगावर तसंच ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये ते बंद केलं. माझ्या बाटलीत तेच होतं असं मी म्हणत नाही, कळायला मार्ग नाही. पण बाटलीत काय आहे ते लिहिलेलंच नसेल, तर मुलाच्या अंगावर पुरळ उठल्यावर डॉक्टरांना सांगायचं काय?

आणि पुरळ उठलंच. धाकटीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आत लाल चट्टे. लोशनमुळेच, असं छातीठोक सांगता येत नाही. पण ते बंद केल्यावर आठवड्याभरात उतरले. बाईंना कळवलं. उत्तर आलं: "घाबरू नका ताई, आधीच्या केमिकलवाल्या वस्तूंची विषं बाहेर पडतायत. अजून थोडं जास्त लावा." हे वाक्य कुणी बोललं की त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही, असं मी आता सगळ्यांना सांगते. तेव्हा मात्र मी दोन दिवस खरंच जास्त लावलं. लिहितानाही लाज वाटते.

त्याच संभाषणात बाईंनी दात येणाऱ्या बाळासाठी अंबरच्या, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या चिकाच्या, मण्यांची माळ सुचवली. अंगाच्या उबेने अंबरमधून आम्ल झिरपतं आणि हिरड्यांचं दुखणं थांबतं म्हणे. नशिबाने ती घेतली नाही, कारण तेवढं एक आधी वाचलेलं होतं. अशा माळा-कडी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये दिला. गळ्यात अंबरची माळ असलेलं दीड वर्षांचं मूल दुपारच्या झोपेत गुदमरून गेलं होतं.

खरा धक्का खुळखुळ्याने दिला.

लाकडी खुळखुळा, लाल-पिवळा, आत मणी. दांड्यावर गोल कागदी लेबल: 'नवजात बाळासाठी सुरक्षित, वनस्पतिजन्य रंग'. धाकटी तो तोंडात घालून बसायची, लाळेने लेबलची कड सुटली. एका संध्याकाळी मी ती नखाने सोलली. खाली दुसरं लेबल होतं. छोटं लाल वर्तुळ, आत बाळाचा चेहरा, '0-3' आणि त्यावर आडवी रेघ. ही खूण बऱ्याच खेळण्यांवर असते. तीन वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका, असा तिचा अर्थ. म्हणजे ज्या कारखान्याने ते खेळणं केलं, त्यानेच बाळांना देऊ नका म्हणून बजावलं होतं. आणि बाईंनी त्यावर 'नवजात' चिकटवलं होतं.

मी खुळखुळा हलवून पाहिला, एक टोक सैल होतं. ओढल्यावर निघालं आणि मणी फरशीवर सांडले. लहान मुलाच्या घशात अडकू शकेल असा तुकडा ओळखायला खेळणी तपासणारे एक नळी वापरतात, तिचा व्यास जेमतेम 31.7 मिलीमीटर. घरात ती नसते. टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद असते, म्हणून तिच्यातून जे आत जाईल ते लहान बाळापासून लांबच ठेवायचं. माझे मणी तिच्यातून एकदम पाच-सहा गेले असते. ओल्या पांढऱ्या कापडाने पुसलं तर कापड गुलाबी झालं. सुटलेल्या टोकाच्या आत लाकडाचे रेषे नव्हतेच. दाबलेला भुसा होता, एमडीएफ. रंगात काय होतं ते मी प्रयोगशाळेत तपासून घेतलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण रंगात शिसं असलं तर त्याची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माझी पोरगी तो रंग दोन महिने चाटत होती. त्या रात्री मी झोपले नाही.

मग मी एकेक वस्तू काढली. 'शुद्ध सुती' दुपट्याचा धागा काढून, मुलं झोपल्यावर, सिंकवर चिमट्यात धरून पेटवला. सूत कागदासारखं जळतं आणि मागे भुरभुरीत राख उरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. पॉलिस्टर. 'मधमाश्यांच्या मेणाच्या' मेणबत्त्यांना मधाचा वासच नव्हता, नुसतं अत्तर. जुन्या मधमेणावर पांढुरकी साय धरते, तीही नव्हती. साय नसली म्हणजे मेण खोटंच असं नाही, पण आता मी शंकेचा फायदा द्यायच्या मनःस्थितीत नव्हते. 'बांबूच्या' ताटल्यांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. बांबूची भुकटी मेलामाइनच्या प्लास्टिकमध्ये मिसळून अशा ताटल्या करतात. गरम पदार्थ वाढला की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन ही घातक रसायनं सुटू शकतात, असं जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने 2020 मध्ये म्हटलंय. गंमत म्हणजे माझ्या घरातलं जुनं स्टीलचं ताट सगळ्यात निरुपद्रवी निघालं, आणि ते मी 'नैसर्गिक' नाही म्हणून माळ्यावर टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली, चिठ्ठी घेऊन. ती तिने जपून ठेवली होती, तिलाही गोड वाटलेली.

बाईंच्या कामाच्या जागेचा फोटो, ज्यात फक्त साबण कापणारे हात दिसतात, तो मी इंटरनेटवर चित्रावरून शोधला. तेच हात, नखावरचा तोच पांढरा ठिपका, निरनिराळ्या सात नावांनी विकणाऱ्यांकडे. मुळात बाई होत्या की नाही, हेही आता सांगता येत नाही. मी पैसे परत मागितले. आधी उत्तर, "हाताने केलेली वस्तू परत घेत नाही, ताई." मग लेबलखालच्या लेबलचा फोटो पाठवला. मग ब्लॉक. कंपनी म्हणाली, व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः, आपखुशीने पाठवलेत. दोघांचंही बरोबर होतं. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, संभाषणाच्या आणि पार्सलांच्या फोटोंसकट. ती पुढे सरकेल अशी फार आशा नाही, पण कुणी दुसरी तक्रार केली तर निदान पहिली आधी नोंदलेली असावी.

यानंतर मी हाताने केलेलं घेणं सोडलं का? नाही. एका बाईंकडून आता साबण घेते. पहिल्याच बोलण्यात विचारलं, कॉस्टिक सोडा घालता का? त्या जवळजवळ चिडल्या. "मग काय, त्याशिवाय साबण होतो होय? किती घालते, किती दिवस ठेवते, सांगते, लिहून घ्या." तेल किती, सोडा किती, दिवस किती, सगळं सांगितलं. लव्हेंडरचं तेल कशाला नाही, विचारलं तर म्हणाल्या, लहान बाळ आहे ना, मग वास कशाला? तेल नैसर्गिक असलं तरी हवेला लागून जुनं झालं की कातडीला त्रास देतं. त्यांच्या पार्सलमध्ये चिठ्ठी नसते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वड्या, आणि घटकांचा एक कागद, कॉम्प्युटरवर छापलेला.

यादी मी फाडून टाकली. पण ती अकरा घरांत गेली होती, म्हणून अकरा फोन केले. सगळ्यात आधी खुळखुळा घेतलेल्या तिघींना. दोघींनी तो माझ्यासमोरच, व्हिडिओ कॉलवर, मोडून कचऱ्यात टाकला. एकीच्या खुळखुळ्याखालीही तेच लाल वर्तुळ निघालं. तिसरीचं बाळ माझ्या धाकटीपेक्षा लहान आहे. तिला मी चार वेळा फोन केला, निरोप ठेवला, लेबलचे दोन्ही फोटो पाठवले. फोटो पाहिल्याच्या खुणा आल्या आहेत. ती अजून बोललेली नाही.