कल्ट कशाला म्हणायचं ते शिकवणारा ऑनलाइन कोर्स, आठ आठवडे पूर्ण केला, ५ पैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबा: कोर्टकेसेसचा भाग आणि जुन्या घटनांचा भाग यासाठी जरूर घ्या, क्विझसाठी अजिबात घेऊ नका, आणि घेतलाच तर ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा. का ते खाली येईलच.

मी का घेतला तर माझा मावसभाऊ. दोनेक वर्षांपूर्वी तो एका ग्रुपमध्ये गेला, ग्रुपचं नाव घेत नाही, मोठा नाहीये, तुम्ही ऐकलंही नसेल. आधी आठवड्यातून एकदा जायचा मग रोज मग तिथेच राहायला गेला, आणि आमच्या घरात तेव्हापासून एकच वाक्य, त्याला कल्टने ओढला. मला पुरावा हवा होता. म्हणजे कोणीतरी शिकल्यासवरलेल्या माणसाने हो हा कल्टच आहे असं सांगावं आणि मी ते त्याच्या तोंडावर मारावं, खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच पैसे भरले.

पहिले दोन आठवडे शब्दावरच गेले आणि मी वैतागले होते. कल्ट हा शब्द लॅटिन कल्टस वरून, अर्थ नुसता पूजा, उपासना, म्हणजे मुळात शिवी नव्हतीच. अभ्यासक लोक आता नवीन धार्मिक चळवळी असा शब्द वापरतात कारण कल्ट म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो. शिकवणाऱ्या बाई हे फार संथपणे सांगतात, १.५ स्पीडला लावा, काही बिघडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मी सरसावून बसले कारण रॉबर्ट लिफ्टन आले. हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, यांनी १९५० च्या दशकात चीनमधल्या सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून बाहेर पडलेल्या ४० जणांशी हाँगकाँगमध्ये तासन् तास बोलून, २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी, १९६१ मध्ये आठ लक्षणं मांडली. आणि गंमत बघा, जगभर कल्ट ओळखायला जी मोजपट्टी वापरतात तिचा उगम धर्मात नाही, एका निधर्मी सरकारच्या राजकारणात आहे. बाहेरच्या माहितीवर ताबा, सतत कबुल्या द्यायला लावणं, ठरावीक शब्द की जे उच्चारले की पुढचा विचारच बंद, माणसाच्या अनुभवापेक्षा शिकवण मोठी, आणि शेवटचं लक्षण जे मला सगळ्यात भयंकर वाटलं, आपल्यातला कोण आणि कोणाला माणूस म्हणून मोजायचंच नाही ते ग्रुप ठरवणार.

मी लगेच वही काढून भावाच्या ग्रुपला मार्क दिले. आठपैकी ५. इतका आनंद झाला मला, लाज वाटते सांगताना. मग उगीच गंमत म्हणून माझ्या जुन्या सेल्सच्या नोकरीला दिले. रोज सकाळी एकत्र घोषणा, टार्गेट चुकलं की सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःची चूक सांगायची, आणि जो सोडून गेला त्याला ग्रुपमधून त्याच मिनिटाला काढायचं आणि नंतर कोणी त्याचा फोन घ्यायचा नाही. तिचे ४ झाले. मग मी वही बंद केली.

पण बाईंनी यावर एक चांगलं सांगितलं, की ही पट्टी हो-नाही साठी नाहीच, थर्मामीटरसारखी वापरा, ताप किती आहे आणि चढतोय की उतरतोय एवढं बघा. आणि मग त्याच कोर्सची क्विझ हो-नाहीचीच आहे! नेता जिवंत आहे का, नवीन लोक जोडायचा प्रयत्न करतात का, सभासद वेगळे कपडे घालतात का. अहो असं बघितलं तर कुठलाही धर्म त्याच्या पहिल्या पन्नास वर्षांत कल्टच ठरेल. मी डिस्कशन ग्रुपमध्ये हे लिहिलं तर माझी पोस्ट तासाभरात उडवली, कारण दिलं 'नकारात्मकता'. लिफ्टनचं पहिलं लक्षण कोणतं होतं बरं.

चौथा आणि पाचवा आठवडा घटनांचा, आणि इथे कोर्स खरंच दमदार आहे. जोन्सटाउनचं, म्हणजे अमेरिकन धर्मगुरू जिम जोन्सने आपल्या अनुयायांसाठी वसवलेल्या वस्तीतल्या सामूहिक विषप्राशनाचं, आपल्याला साधारण माहीत असतं, १८ नोव्हेंबर १९७८, दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं जंगल, एकूण ९१८ मृत्यू, त्यात ३०० च्या वर मुलं. मला माहीत नव्हतं ते हे की जिम जोन्स बाहेरच्या जगाच्या नजरेत चांगला प्रतिष्ठित माणूस होता, सॅन फ्रान्सिस्कोत हाउसिंग अथॉरिटीचा अध्यक्ष, १९७७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाचा पुरस्कार मिळालेला, त्याची मंडळी एका मुख्य प्रवाहातल्या चर्चशी जोडलेली. गयानात पोचल्यावर लोकांचे पासपोर्ट काढून घेतले होते. चौकशीला आलेल्या लिओ रायन या अमेरिकन खासदाराबरोबर १५ एक जण निघाले आणि धावपट्टीवर गोळीबार झाला, त्यात रायन गेले, निघालेल्यांतली एक बाईही गेली. हे ऐकताना मी पॉज करून किचनमध्ये जाऊन उभी राहिले होते.

इथपर्यंत माझं गणित सोपं झालं होतं, दार बंद म्हणजे कल्ट, दार उघडं म्हणजे धर्म. पण पुढच्याच लेक्चरला हेवन्स गेट, हाही अमेरिकेतलाच एक पंथ. १९९७, ३९ जणांनी एकत्र आत्महत्या केली, वेबसाइट बनवायचा धंदा करून पोट भरणारी माणसं, आणि त्यांना कोणी कोंडलेलं नव्हतं, आधीच्या वर्षांत कितीतरी जण आरामात निघून गेले होते. दार सताड उघडं. मग? बाई इथे जरा गडबडल्या असं मला वाटलं, 'गुंतागुंतीचं आहे' म्हणून पुढे गेल्या. अर्धा स्टार इथे कापला.

ब्रेनवॉशबद्दल मात्र माझा पुरता गैरसमज निघाला. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये युनिफिकेशन चर्चच्या, म्हणजे मूनी लोकांच्या, निवासी शिबिरांना गेलेल्या हजारेक लोकांचा माग घेतला. लव्ह-बॉम्बिंग, म्हणजे नवख्या माणसावर प्रेमाचा आणि कौतुकाचा नुसता भडिमार करून त्याला ओढायचं, हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला तीच ही मंडळी. तर त्यातले साधारण ९० टक्के लोक सामीलच झाले नाहीत. इतकं सगळं ब्रेनवॉश जर चालत असतं तर निकाल असा लागला नसता. म्हणजे जाणारा माणूस काहीतरी शोधत असतो आणि त्याला तिथे ते मिळतं. मला हे आवडलं नाही, कारण याचा अर्थ भाऊ स्वतःच्या पायाने गेला. पण त्याच चर्चमधली दुसरी बाजूही दाखवली, जपानमध्ये लोकांकडून घर बुडेस्तोवर देणग्या उकळल्याच्या तक्रारी, २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबेंना मारणाऱ्याने सांगितलेलं कारण हेच की आईने सगळं चर्चला देऊन टाकलं, आणि मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा कोर्टाने संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. आणि इथे आदेश श्रद्धेवर नाही, देणग्यांच्या पद्धतीवर आहे, हा फरक बाईंनी तीनदा सांगितला आणि तीनदा सांगण्यासारखाच आहे.

सहावा आणि सातवा आठवडा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा. हे दोन आठवडे म्हणजे पूर्ण पैसे वसूल. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १८ मध्ये धर्म बदलायचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे धर्मस्वातंत्र्य म्हटलं की आपण आत राहण्याचा हक्क समजतो, पण निघायचा हक्कही त्याच वाक्यात बसवलाय. आणि खरी भांडणं तिथेच होतात, कारण निघालेल्या माणसाशी बोलायचं नाही हे ठरवायचाही हक्क उरलेल्यांना आहेच ना? भारताचंच घ्या, मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा तो रद्द केला, धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग म्हणून. विरोधातलं एक मत सरन्यायाधीशांचं होतं. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी हा प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. नॉर्वेत यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ, ते सोडून गेलेल्यांशी संबंध तोडतात म्हणून सरकारने नोंदणी आणि अनुदान काढलं, खालच्या कोर्टात सरकार जिंकलं, मार्च २०२५ मध्ये अपिलात साक्षीदार जिंकले. आणि याच साक्षीदारांवर रशियाने २०१७ मध्ये 'अतिरेकी' म्हणून सरसकट बंदी घातली आणि माणसं तुरुंगात टाकली, घरात एकत्र प्रार्थना केली म्हणून. आता सांगा, ते सोडून गेलेल्यांशी कठोर वागतात हेही खरं आणि सरकार त्यांच्याशी भयानक वागतं हेही खरं, एकाने दुसरं माफ होत नाही.

फ्रान्सने तर यादीच केली होती, संसदेच्या समितीच्या १९९५ च्या अहवालात १७३ गट, धोकादायक पंथ म्हणून. १० वर्षांनी पंतप्रधानांच्या परिपत्रकाने सांगावं लागलं की बाबांनो ही यादी वापरू नका. मधल्या काळात २००१ मध्ये त्यांनी कायदा केला तो वेगळ्या वाटेचा आहे, गट कोणता ते नाही, दुबळ्या अवस्थेतल्या माणसाचा गैरफायदा घेतलात का ते बघतो. मला हे पटलं. नावाला नाही कृतीला पकडा.

आमिश लोकांवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीने वेगळं राहणाऱ्या ख्रिस्ती समाजावरचं, लेक्चर सगळ्यात आवडलं. बाहेरून बघितलं तर बंदिस्ततेचे सगळे मार्क मिळतील, वेगळे कपडे, वेगळी भाषा, शाळा आठवीपर्यंत. पण एक नेता नाही, आणि बाप्तिस्मा मोठेपणी, विचारून. त्याआधी निघालात तर संबंध राहतात, बाप्तिस्मा घेऊन मग निघालात तर बहिष्कार. म्हणजे दाराची किंमत आधी सांगितलेली असते, नंतर वाढवत नाहीत. तरीही मुलांचा प्रश्न उरतोच. १९७२ च्या विस्कॉन्सिन विरुद्ध योडर केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने आईवडिलांना मुलं आठवीनंतर शाळेतून काढायची मोकळीक दिली, आणि न्यायमूर्ती डग्लस एकटेच विचारत होते की अहो त्या १४-१५ वर्षांच्या मुलांना कोणी विचारलंय का. मोठा माणूस निदान दार कुठे आहे ते बघून आत शिरतो, तिथे जन्मलेल्याला दार आहे हेच कळायला वीस वर्षं जातात, आणि आठवी शिकून बाहेर आलात तर बाहेर करणार काय. यावर फक्त ११ मिनिटं दिलीत कोर्सने. ११! कपड्यांवर अख्खं लेक्चर आहे.

शेवटच्या आठवड्यात असाइनमेंट होती, कोणत्याही गटातल्या एकाशी बोला, श्रद्धेवर वाद न घालता. मी भावाला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला तुमचे ते महाराज की कोण असं म्हणाले नाही. सरळ विचारलं, तू उद्या तिथून निघालास तर कोण कोण तुझ्याशी बोलायचं थांबेल? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ताई दोन-तीन जण थांबतील बहुतेक, जवळचे आहेत, वाईट वाटेल. आणि मग म्हणाला, आणि मी नाही निघालो तर तुमच्यातलं कोण बोलतंय माझ्याशी?

मी मोजलं. मावशी धरून दोन.

असाइनमेंटला १० पैकी ६ मिळाले, शेरा असा की 'संभाषणात गटाच्या लक्षणांची पुरेशी नोंद नाही'. असो.

आता तक्रारी पटापट. आवाज तिसऱ्या आठवड्यात फुटतो. सबटायटल्स मशीनने केलेली आहेत, धर्मगुरूचं धर्मगुरे झालंय. वाको १९९३ चं लेक्चर, टेक्सासमधल्या एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवसांचा वेढा आणि शेवटच्या दिवशी ७६ मृत्यू, यात पोलिसांच्या चुका नीट सांगितल्यात हे चांगलं पण नकाशा दिसतच नाही. आणि मोठी तक्रार, कोर्स संपल्यावर 'सभासदत्व' आपोआप पुढच्या लेव्हलला जातं. बंद करायचं बटण सापडायला मला चाळीस मिनिटं लागली, मग बटण दाबल्यावर तीन वेळा विचारतात नक्की का, मग एक गोड मुलगी फोन करते, तुम्ही आमच्या परिवाराचा भाग आहात, इतक्या पुढे येऊन सोडू नका, तुमच्यात खूप क्षमता आहे. मी तिला विचारलं, लव्ह-बॉम्बिंगचं लेक्चर तुम्ही बघितलंय का? नाही म्हणाली बिचारी.

कॅन्सल झाल्याचा मेल तीन दिवसांत येतो म्हणाले होते, आज नववा दिवस. आला की इथेच अपडेट टाकते. भाऊ रविवारी घरी येतोय जेवायला, एकटाच, आणि बाकीच्यांना मी आधीच बजावून ठेवलंय की क शब्द कोणी काढायचा नाही.