उरलेले मूळ भाग: तेलात, मेणात की कागदात?

जुनी गाडी पुन्हा उभी राहिली की गॅरेजच्या कोपऱ्यात एक दुसरीच गाडी जमा झालेली असते. काढून ठेवलेला डायनॅमो, जागचा हललेला मूळ बंपर, दोन कार्बोरेटर, डबाभर स्क्रू आणि "हे कशाचं बरं?" असं विचारायला लावणाऱ्या चारदोन पट्ट्या. टाकवत नाही, आणि ठेवायचं तर कसं ते कळत नाही.

टाकू नका, एवढं आधी सांगतो. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ म्हणजे फिवा. त्याची ट्यूरिन सनद, म्हणजे जुनी वाहनं कशी जपावीत याची तत्त्वं, हीसुद्धा हेच सुचवते की काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबतच राहावेत. उद्या ते परत बसवता येतात, आणि नाही बसवले तरी मूळ वस्तू कशाची आणि कशी बनवली होती याचा तो पुरावा असतो. आता या 'पुरावा' शब्दावर जरा थांबा, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. बहुतेक जण गंज कसा थांबवायचा इथून सुरुवात करतात. मी सुरुवात करतो ती दहा वर्षांनी हा भाग कुठल्या गाडीचा, कुठल्या बाजूचा, कुठल्या वर्षाचा हे कळेल का, इथून. थोडा गंजलेला पण ओळख पटणारा भाग कामाचा असतो. आरशासारखा चकचकीत पण नंबर पुसलेला भाग कशाला जोडायचा?

धुवावं की तसंच ठेवावं?

तीन पर्याय दिसतात. पहिला, जसं निघालं तसं खोक्यात. दुसरा, रॉकेलमध्ये मऊ ब्रशने धुऊन, कोरडं करून. तिसरा, सँडब्लास्टिंग करून अगदी नव्यासारखं.

पहिल्यात कष्ट नाहीत, पण जुनं तेल आणि रस्त्याची घाण ओलावा धरून बसते आणि गंज त्या थराखाली चालू राहतो. तिसरा दिसायला सगळ्यात छान आणि नुकसान सगळ्यात जास्त करणारा. वाळूच्या माऱ्यात कारखान्याचा मुलामा जातो, तपासनीसाने मारलेला रंगाचा ठिपका जातो आणि हलके ठोकलेले आकडेही जातात. या आकड्यांत काय असतं बघा. जनरल मोटर्सच्या इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. महिना अक्षराने, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सहसा वर्षाचा फक्त शेवटचा अंक. 'एफ १० ५' म्हणजे १० जून आणि ५ ने संपणारं वर्ष. ते १९५५ की १९६५, हे शेजारच्या कास्टिंग नंबरवरून, म्हणजे ओतकामातच उमटलेल्या भागाच्या नंबरवरून ठरवायचं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवर आणि डायनॅमोवर महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. गाडीतला डायनॅमो गाडीच्याच वयाचा आहे की मधे कधी बदलला, हे त्या दोन आकड्यांवरून समजतं.

म्हणून माझं मत दुसऱ्या पर्यायाला. धुवा, पुसा, वाळवा आणि हात आवरा. स्प्रिंगा आणि कणखर पोलादाचे बोल्ट आम्लात किंवा इलेक्ट्रोलिसिसच्या टाकीत गंज काढायला टाकू नका. पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

ब्रेक शू आणि क्लच प्लेट मात्र धुण्याघासण्याच्या भानगडीतच पाडू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. हवेचा फवारा नको, कोरडा ब्रश नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. पाणी फवारून ओलसर करायचं, दोन जाड पिशव्यांत बंद करायचं आणि वर ठळक लिहायचं. आपल्या माघारी हा खोका उघडणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

तेल, ग्रीस, मेण आणि व्हीसीआय कागद

पोलाद आणि बीड (ओतीव लोखंड) यांचं गणित साधं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. ती ५० च्या खाली ठेवता आली तर निम्मं काम झालं. ती ठेवता येत नसेल तर धातूवर काहीतरी आवरण हवं.

हाताशी असतं ते तेल. लावायला सोपं, पुसायला सोपं, आणि टिकायला कच्चं. पातळ थर काही महिन्यांत ओघळून खाली जमतो, वरची बाजू उघडी पडते. शिवाय ते पसरतं: खोक्यात, चिठ्ठीत, शेजारच्या रबरात. वर्षभरात परत बसवणार असाल तर तेल पुरे. इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल मात्र फुकट मिळतं म्हणून लावू नका, त्यात ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. गंज थांबवायला गंजाचंच सामान लावल्यासारखं ते.

ग्रीस तेलापेक्षा जास्त टिकतं, पण धूळ धरतं आणि वर्षांनी लाखेसारखं घट्ट होतं. गिअरच्या दात्यांना ठीक, बारीक छिद्रांच्या भागांना नको.

मेणाच्या जातीचं आवरण ही लांब पल्ल्याची सोय. अमेरिकी सैन्य बंदुका वर्षानुवर्षं कोठारात ठेवायला कॉस्मोलीन नावाचं पेट्रोलियमचं आवरण वापरत आलं, आणि दशकांनंतर उघडलेल्या बंदुका आतून स्वच्छ निघाल्या. मात्र ते काढणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे: उष्णता, स्पिरिट, चिंध्या आणि संयम. आकडेही त्याखाली गडप होतात. क्रँकशाफ्ट, ॲक्सल, क्राउन व्हील असे जड आणि साधे भाग असतील तर मी मेणच निवडतो. क्रोमचे बंपर, हबकॅप, बॅज यांना संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण. पातळ हात फिरवायचा, मऊ फडक्याने चोळायचं, खालचं सगळं दिसत राहतं.

व्हीसीआय कागद हा चौथा, आणि नंबर असलेल्या घासीव भागांसाठी माझा पहिला. या कागदातून गंजरोधक बाष्प निघतं आणि धातूवर डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. भाग कोरडा राहतो, चिठ्ठी कोरडी राहते, उघडला की लगेच बसवता येतो. अटी मात्र कडक. भाग आधी पूर्ण स्वच्छ हवा, उघड्या बोटांनी धरलेला नको, कारण घामाचा ठसा कागदाखालीही गंजतो. कागद धातूपासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत हवा. आणि पुडकं बंद हवं, नाहीतर बाष्प उडून जातं आणि आपण नुसत्या कागदात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. वर्षा-दोन वर्षांनी तो बदलायचा. काही कागद फक्त लोखंड-पोलादासाठी असतात आणि पितळ-तांब्याला मानवत नाहीत. घेताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

सिलिका जेल या चौघांशी स्पर्धा करत नाही, त्यांना मदत करतं, आणि तेही डबा हवाबंद असेल तरच. झाकण सैल असलेल्या डब्यात ते सगळ्या खोलीची हवा वाळवायला बसतं आणि हरतं. रंग बदलला की सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवून परत वापरता येतं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, तिला स्वयंपाकाच्या ओव्हनपासून दूर ठेवा.

व्हॅक्यूम पिशव्यांचा मोह मलाही झाला होता. जागा वाचते, दिसायला झकास. पण धारदार कडेने बारीक भोक पडतं ते दिसत नाही, आणि आत ओलावा अडकला असेल तर तो तिथेच मुक्काम करतो. छोट्या, गोल कडांच्या, पूर्ण कोरड्या भागांपुरत्याच वापरा.

ज्यांना जपता येत नाही ते

रबर जपतात ते नमुना म्हणून. रबरी मालाच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० हे मानक आहे. ते नैसर्गिक रबराला सुरुवातीची ५ वर्षं, नायट्राइल या कृत्रिम रबराला ७, ईपीडीएम, सिलिकॉन आणि फ्लुओरो या कृत्रिम रबरांना १० वर्षं देतं, तीही २५ अंशांच्या खाली, अंधारात, ताण न देता ठेवलं तर. मग कारखान्याच्या सीलबंद पुडीतलं ५० वर्षांचं ब्रेक सिलिंडरचं सील बसवावं का? नाही. पुडी कितीही देखणी असली तरी नाही. त्यावरून माप घ्या, नवं करून घ्या, जुनं पुडीसकट परत ठेवा. रबराचा डबा तेलाच्या डब्यांपासून आणि चालत्या मोटारींपासून लांब असू द्या. मोटारीच्या ठिणगीतून ओझोन निघतो आणि रबराला तडे पाडतो.

दुसरं दुखणं जस्ताच्या ओतकामाचं. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या गाड्यांची दारांची हँडलं, बॉनेटवरच्या मूर्ती, काही कार्बोरेटर यांत शिसं किंवा कथिल मिसळलेलं अशुद्ध जस्त असे. ते आतूनच फुगतं, भेगाळतं आणि एक दिवस हातात भुगा येतो. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने शुद्ध जस्तापासून झमॅक मिश्रधातू आणला आणि पुढे हा त्रास आटोक्यात आला. आधीच्या भागाला तेल लावा, मेण लावा, कागदात गुंडाळा, फरक शून्य. कोरडं ठेवल्याने वेग कमी होतो इतकंच. असा भाग अजून आकारात आहे तोवर मापं घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि साचा करून ठेवा. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल, हे मात्र या आठवड्यात करा.

खोके कसे लावायचे

इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जे एकत्र काम करतं ते एकत्र ठेवा: इंजिनाचं इंजिनात, ब्रेकचं ब्रेकमध्ये. दुसरा म्हणतो, पार्ट नंबरच्या क्रमाने लावा, डोकं लावायलाच नको.

एकच गाडी असेल तर पहिला पंथ बिनतोड. काही भाग तर जोडीनेच जन्माला येतात. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडची, क्राउन व्हील त्याच पिनियनचं, घासलेला टॅपेट त्याच कॅमचा. एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्बोरेटरचा पिस्टन त्याच्याच वरच्या टोपीत जुळवलेला असतो. मी एकदा दोन एसयू एकाच परातीत धुतले. पिस्टन कुठला कुणाचा हे शोधण्यात अख्खा रविवार गेला, आणि तरी एक जण अजून थोडा अडखळतोच. तेव्हापासून एक जोडी, एक पिशवी.

दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांचे भाग झाले की पहिला पंथ कोलमडतो आणि नंबर कामाला येतात. यात फोक्सवॅगनची पद्धत मला फार आवडते, दोन्ही पंथांचं भांडण तिने मिटवलंय. त्यांच्या पार्ट नंबरातला चौथा अंक गट सांगतो: १ इंजिन, २ इंधन आणि एक्झॉस्ट, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा ॲक्सल, ५ मागचा, ६ चाकं आणि ब्रेक, ७ लिव्हर आणि पेडल, ८ बॉडी, ९ वीज. गाडी कुठलीही असो, हेच नऊ गट खोक्यांना द्या. भाग चार असोत की चारशे, चालतं.

फक्त एक अपवाद सगळ्या पद्धतींवर चढतो, तो म्हणजे पदार्थ. इंजिनाचं गॅस्केट इंजिनाच्या गटात असलं तरी तेल लावलेल्या रॉकर आर्मशेजारी जाणार नाही. रबर, कापड, कागद वेगळे ठेवायचे आणि गटाच्या खोक्यात "रबराच्या डब्यात पाहा" एवढी चिठ्ठी टाकायची.

खोका पुठ्ठ्याचा की प्लास्टिकचा? पुठ्ठा ओलावा शोषतो आणि साधा पुठ्ठा आम्लधर्मी असतो. जुन्या लाकडी पेट्या दिसायला सुंदर, पण ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाचं बाष्प निघतं, ते शिसं आणि जस्ताला खातं. पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे बरे, पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. अपवाद कारखान्याच्या मूळ खोक्याचा. तो पुठ्ठ्याचा असला तरी फेकायचा नाही, त्यावरचा छापील नंबर हीच भागाची जन्मपत्रिका. भाग वेगळा गुंडाळून खोक्याशेजारी ठेवा. खोक्यावरचा नंबर आणि भागावर ओतलेला नंबर बऱ्याचदा वेगळे असतात, म्हणून दोन्ही टिपा.

लांब क्रँकशाफ्ट आणि टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर उभे ठेवा. काचाही उभ्याच, आडव्या एकावर एक कधीच नाहीत.

चिठ्ठी

मार्कर तेलात विरघळतो. थर्मल प्रिंटरचं लेबल काही वर्षांत कोरं होतं. मास्किंग टेपचा गोंद वाळून चिठ्ठी खाली पडते, डिंक मात्र क्रोमवर तसाच राहतो. मला टिकलेलं एकच दिसलं: मऊ ॲल्युमिनियमचा पत्र्याचा टॅग, त्यावर बॉलपेनने दाबून लिहिलेलं. शाई गेली तरी खोलगट अक्षरं राहतात. तो तारेने नाही, सुती दोऱ्याने भागालाच बांधायचा, पिशवीला नाही. पिशव्या बदलतात.

टॅगवर एक क्रमांक पुरे. बाकीचं वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये: काय, कुठल्या गाडीतून, डावं की उजवं, कधी काढलं, का बदललं, नंबर, कशाने जपलंय, पुढची तपासणी कधी. वही की संगणक यावर मी वाद घालत नाही. शोधायला संगणक सोपा, आणि गाडी विकताना पुढच्या माणसाच्या हातात द्यायला वही.

शेवटी एक खोका उरतोच, ओळख न पटलेल्यांचा. त्यालाही क्रमांक द्या, प्रत्येक वस्तूचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि काढल्याची तारीख लिहा. माझ्या खोक्यातली एक वाकडी पट्टी सहा वर्षं पडून होती. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा ती हॉर्न धरून बसलेली दिसली.